टॅमरिंडच्या बरणीतले मासे

आमच्या शेजारी लिंबाजी अण्णा नावाचे गृहस्थ राहत. ते रोज पहाटे कामावर जाण्याआधी आपल्या माशांना औषधाची गोळी देत. गोळी दोन चमच्यांमध्ये धरून चुरडायची, तो चुरा चिमूटभर कणकेत मळायचा, कणकेचे बारीक कण पाण्यात सोडायचे आणि मग बरणीच्या काचेला नाक लावून विचारायचं, "कसं वाटायलंय?"

माशांनी उत्तर दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण हा प्रकार मी दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तुळशीला घालायचा तांब्या माझ्या हातून सुटून माझ्याच पायावर पडला. कारण ती गोळी कुणाची होती हे मला ठाऊक होतं. ती त्यांच्या बायकोची होती. बायको, म्हणजे आमच्या गयाअक्का, आत बाजेवर भर उन्हाळ्यात अंगावर वाकळ घेऊन पडल्या होत्या. आणि ही गोळी रोज पोटात गेली नाही तर त्या फार दिवस काढायच्या नाहीत, असं बिदरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की तुमच्या तिकडे रंगीत मासे विकणारे काही लोक माशांना हार्मोन देऊन त्यांचे रंग खुलवतात आणि अंग वाढवतात, आणि हे ऐकून तुम्हाला मोठा धक्का बसला. मला बसला नाही. माझ्या वाट्याचा धक्का मी भालकीला असतानाच घेऊन ठेवलेला आहे. तो कसा, ते क्रमाने सांगते. क्रम सोडून सांगितलेलं मला चालत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

तेव्हा मी भालकीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. राज्यांची वाटणी झाली, उदगीर मराठी मुलखात गेलं, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो आणि बसच्या पाट्या कानडीत आल्या. अण्णा त्या बसवर कंडक्टर होते. "सरका म्होरं", "मुंदे होगरी", "आगे बढो मियाँ" आणि तेलंगणातून चढलेल्यांसाठी "मुंदुकु जरगंडी" असं चार भाषांत एका दमात म्हणत ते गाडीत माणसं भरत. कुणी कोणत्याही भाषेत कुरकुर केली, तर उत्तर मात्र मराठीतच मिळे. "आत जागा हाय. पारखून घ्या!"

'पारखून घ्या' हा त्यांचा मंत्र होता. पारखल्याशिवाय ते काहीच मान्य करत नसत. मी 'आज फार ऊन आहे हो' म्हटलं, तर ते अंगणात जाऊन, उभं राहून, डोकं तापवून परत येत आणि म्हणत, "हाय, बाई." पावसाळ्यात ओढ्यावर पाणी चढलं की ड्रायव्हर म्हणे, "जाईल गाडी, अण्णा." अण्णा धोतराचा काचा मारून पाण्यात उतरत, पलीकडच्या काठावर जात, तिथून शिटी मारत, मगच गाडी हाले. त्यांना न घेता ती कित्येकदा पुढे निघून जाई, तो भाग वेगळा.

माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवून ठेवत असे. एकदा तुमच्या आजोबांकडे बसायला आले असता अण्णांनी विचारलं, "ह्याच्यावर काय लिवलंय?" मी म्हटलं, "सॉल्ट. मीठ." त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठच हाय, बाई." मला इतका धक्का बसला की ते गेल्यावर मी ती बरणी रिकामी करून घासली. राग बोट बुडवल्याचा होता, की माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला नाही याचा, हे मला अजून सांगता येत नाही.

या मंत्राला कारण होतं. अण्णांच्या वस्तीनं ज्या साली बौद्ध धर्म घेतला, त्याच साली त्यांचं लग्न झालं. मुडबीहून नवी नवरी आली, तिला अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आता आंगारा न्हाई, दोरा न्हाई. बघितल्याबिगर, पारखल्याबिगर कशालाच मान डोलवायची न्हाई. मी सांगितलं तरी न्हाई!" नव्या नवरीनं मान डोलावली. पण तेवढी एकदाच. त्यानंतर गयाअक्कांनी हे शिक्षण असं अंगी बाणवलं की गुरू बरा असं झालं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी पारखायला काढली नाही. नवऱ्याच्या आधी त्या जेवत नसत. अण्णांची पाळी पहिल्या गाडीची. उजाडायच्या आत ते जात आणि दिवस मावळताना येत. मग अक्का दिवसभर तशाच. मी म्हणे, "अहो, खाऊन घ्या." त्या म्हणत, "ते खाल्ल्याबिगर घास उतरत न्हाई, बाई." एकुलती एक लेक लग्न होऊन गेली होती. घरात बोलायला कुणी नव्हतं. अक्का भिंतीपाशी येऊन माझ्याशी बोलत, मी शाळेला निघाले की बाभळीवरच्या कावळ्यांशी बोलत. आवाज असा खणखणीत की विहारात वंदनेला उभ्या राहिल्या तर रस्त्यापर्यंत ऐकू येई.

तो आवाजच आधी बसला. मग चेहरा सुजला, केस गळायला लागले, चालणं मंदावलं. एक वाक्य बोलायला इतका वेळ लागे की समोरचं माणूस निघून जाई. उन्हाळ्यात थंडी वाजे. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आळशी झाली. अण्णांनी तेही पारखलं. भरलेली घागर त्यांच्या हातात देऊन पाहिली, ती खाली पडली, आणि दुसऱ्याच दिवशी ते त्यांना बिदरला घेऊन गेले. डॉक्टरांनी गळ्याला हात लावून पाहिला. म्हणाले, इथली गाठ झोपी गेली आहे. अंगाला चालवणारा तिचा रस आटला आहे. तो बाहेरून द्यायचा. रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. नाही दिली तर एक दिवस या झोपतील आणि उठायच्या नाहीत.

परत आल्यावर अण्णांच्या ओसरीवर जे संभाषण झालं ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं.

"घे ही गोळी."

"हिला काम करताना तुम्ही बघितलं का?" अक्का एकेक शब्द ओढत म्हणाल्या.

"डॉक्टर म्हनले ना."

"पुजारी बी म्हनत व्हता. तवा तुम्ही मला काय सांगितलाव?"

चार भाषांत गाडी भरणारा माणूस, एकाही भाषेत बोलेना. शेवटी मीच तिकडे गेले आणि शाळेतल्या आवाजात वैद्यकशास्त्राची थोरवी सांगितली. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, तुम्ही लई शिकलेल्या. पर तुम्ही बी ऐकलेलंच सांगायलाव."

गोळ्यांची बाटली कोनाड्यात तशीच राहिली. अण्णांनी विनवलं, रागावले, लेकीला बोलावून घेतलं. अक्कांनी ओठ मिटले ते मिटले. त्यांच्या अंगावर एकीच्या दोन वाकळा झाल्या. आणि याच सुमाराला अण्णांनी माझ्याकडे दोन सारख्या काचेच्या बरण्या मागितल्या. मी चिंचेची आणि गुळाची रिकामी करून दिली. चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या. एकीवर 'टॅमरिंड', दुसरीवर 'जॅगरी'.

तर मी तो माशांना गोळी देण्याचा प्रकार पाहिला आणि तांब्या तिथेच टाकून भिंतीशी गेले.

"अण्णा, लाज वाटत नाही? बायको मरायला टेकली आहे आणि तिचं औषध माशांना चारता?"

"चारायलोय न्हाई, बाई," अण्णा म्हणाले. "दाखवायलोय."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीने आत खूण केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाज हलवलेली आहे. अक्का कुशीवर पडल्या की खिडकीतल्या दोन्ही बरण्या त्यांना समोर दिसतील अशी ती लावली होती.

अण्णांची गाडी हैदराबादला जाई आणि गाडी हीच त्यांची शाळा होती. मासे विकणारे एक म्हातारेबुवा पाण्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन त्या गाडीने येत. अण्णांनी माशांच्या रंगाची तारीफ केली, तेव्हा ते डोळा मिचकावून म्हणाले होते, "कुछ रंग अल्ला देता मियाँ, कुछ गोली देती." अण्णांनी ही गोष्ट मागच्या बाकावर बसणाऱ्या शास्त्राच्या एका मास्तरांना विचारली. मास्तर म्हणाले, खरं आहे. हार्मोनच्या गोळ्यांच्या अनेक जाती असतात. आणि गळ्यातल्या गाठीची जी गोळी, ती सोनमाशाच्या काळ्या पिल्लांना दिली तर ती लवकर काळी कात टाकतात आणि वाढीलाही लागतात. अण्णांनी हे ऐकलं आणि त्याच फेरीला म्हाताऱ्याकडून काळ्या पिल्लांची पिशवी घेतली. निम्मी पिल्लं टॅमरिंडमध्ये, गोळीवर. निम्मी जॅगरीमध्ये, नुसत्या कणकेवर.

मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बायकोला पटवण्यासाठी मासे पटवतोय." आम्ही हसलो, पण रात्री जेवताना दोघंही दिवस मोजत होतो. काळ्या पिल्लांना रंग यायला किती दिवस लागतील आणि अक्कांपाशी किती आहेत, हा हिशेब कुणालाच येत नव्हता.

पण टॅमरिंडचे मासे खरोखरच बदलले! आधी पोटाशी पितळेसारखी झाक आली, मग पाठीवरचा काळा रंग पुसल्यासारखा निघून गेला, आणि एका सकाळी बरणीत भर उन्हाचे तुकडे फिरावेत तसे ते फिरू लागले. जॅगरीतले शेजारी काळेच्या काळे. मी इंग्रजी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई. पण बायकोच्या औषधाने मासे सोनेरी झालेले पाहून माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सगळी गल्ली बघायला लोटली. मुलं त्या बरणीला 'टॅमरिंड मच्छी' म्हणू लागली.

अक्कांनी बाजेवरून पाहिलं.

"ती बरणी उजेडाकडं हाय," त्या म्हणाल्या.

अण्णांनी बरण्यांच्या जागा बदलल्या. मासे सोनेरीच राहिले.

"पानी येगळं आसंल."

दोन्हीत एकाच रांजणाचं पाणी अण्णांनी त्यांच्यासमोर ओतलं.

अक्कांनी दोन्ही बरण्या पुन्हा एकदा पाहिल्या. मला वाटलं, जिंकलं. मग त्या म्हणाल्या, "माशाला गुण आला, खरं हाय. पर मी मासा हाय का?"

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. शिवाय टॅमरिंडच्या माशांचे डोळे हळूहळू खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसायला लागले होते. कुणीतरी कानात भलतंच सांगावं तसे ते बघत. पण पाऊस लागून अंगणापलीकडचा खड्डा भरला होता आणि त्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती. अण्णा म्हणाले, "बेडकाला गळा हाय, आवाज हाय. माणसाच्या जवळचा." मास्तरांनी गाडीत त्याचंही शास्त्र सांगितलंच होतं. गोळीने शेपटीवाल्या पिल्लाचा बेडूक लवकर होतो. किती लवकर, आणि केवढा, ते बहुधा त्यांचं गाव आल्यामुळे राहून गेलं. अण्णांनी धुण्याच्या दगडी डोणीत पिल्लं सोडली आणि अंदाजाने गोळ्या टाकल्या. अण्णांचा अंदाज कंडक्टरचा. गाडी भरल्यावरही आणखी थोडे मावतात, असा.

पुढचं मी स्वतः भोगलं. सकाळी ठरल्या वेळी मी न्याहारीला बसले होते. पोह्यांवर ओल्या नारळाचा कीस होता आणि त्या किसावर एक माशी बसली होती. मी हात हलवला. माशी उडाली नाही. तिनं उडी मारली. मी चष्मा लावून पाहिलं. बाळांनो, तो बेडूक होता. चार पाय, दोन डोळे, सगळा जिथल्या तिथे, आणि आकाराने माशीएवढा. दुसरा दुधाच्या भांड्याच्या काठावर बसला होता. तिसरा माझ्या 'शुगर' लिहिलेल्या चिठ्ठीवर चढत होता. पिल्लांना वाढायला सवडच न मिळता त्यांचे बेडूक झाले होते आणि भिंतीच्या फटीतून ते आमच्याकडे राहायला आले होते. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून तुमचे आजोबा अर्धी दाढी झालेली घेऊन बाहेर आले.

खरं नुकसान पलीकडे झालं होतं. एक बेडूक अक्कांच्या वाकळेवर चढला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि त्यांचे सुजलेले डोळे भरून आले.

"मला बी असंच बारीक करून सोडायलाव व्हय?"

"न्हाई गं, ते जास्ती पडलं..."

"न्या ती बाटली डोळ्याम्होरून."

अण्णांनी नेली नाही. बाटली हातात धरून ते बाजेपाशी उकिडवे बसून राहिले. तेव्हा अक्का, विषय एकदाचा संपावा म्हणून, म्हणाल्या, "लगीन झाल्यापून तुमच्याआधी मी पानी बी पिले न्हाई. आन् ही गोळी आधी खाऊ? तुम्ही खावा. मग बघू."

हे मी ऐकलं आणि थट्टा समजून सोडून दिलं. ती थट्टा नव्हती. निदान अण्णांना ती थट्टा वाटली नाही.

थंडीचे दिवस आले. मला शाळेच्या कामासाठी बिदरला जायचं होतं. त्या दिवशी अण्णा बिदरच्या गाडीवर होते. गाडी सुटायच्या आत त्यांनी सगळ्यांना तिकिटं दिली, काहींना दोनदा दिली, दारात चढू पाहणाऱ्या एका बकरीला देऊ केलं. थांबा यायच्या आधीच त्याचं नाव ओरडत. माणसं घाईने उठत आणि रानात उभी राहत. आम्ही सगळे कानटोप्या-शालींत गुरफटलेलो, आणि अण्णांच्या सदऱ्याला पाठीवर घामाचे नकाशे. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. माझ्या हातात तिकीट देताना त्यांचा हात असा थरथरला की तिकीट फडफडलं. मी वर पाहिलं.

त्यांचे डोळे तसेच झाले होते. टॅमरिंडच्या बरणीतल्या माशांसारखे.

"अण्णा," मी म्हटलं, "गोळ्या कोण खातंय?"

"पारखायलोय, बाई," अण्णा एका श्वासात म्हणाले. "एका गोळीनं फरक दिसना, म्हनून वाढवलोय, दिसायला पाहिजे ना तिला, सरका म्होरं, मुंदे होगरी," आणि ते रिकाम्या वाटेतून पुढे गेले.

बिदरच्या स्थानकावर उतरताना ते पायरीवरच कोसळले. ड्रायव्हरनं आणि मी मिळून त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. मी कारण सांगितल्यावर डॉक्टर आधी मराठीत ओरडले, मग कानडीत, मग दख्खनीत. बायकोनं औषध खायचं ते तिनं खाल्लं नाही आणि नवऱ्यानं खायचं नाही ते मुठीने खाल्लं, असं जोडपं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर छाती फुटली असती, असं ते म्हणाले.

संध्याकाळी जीपमधून अण्णांना घरी आणलं. दारात अक्का उभ्या होत्या. कित्येक महिन्यांत त्या बाजेवरून उठल्या नव्हत्या. भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या होत्या. आम्ही अण्णांना बाजेवर निजवलं. अक्कांनी त्यांच्या छातीवर तळवा ठेवला आणि किती तरी वेळ तो उचलला नाही.

"केवढं धडधडायलंय," त्या म्हणाल्या.

मग तोच हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला. आम्ही वाट पाहत होतो. त्यांचं काळीज इतक्या सावकाश चालत होतं की त्यांनाही वाट पाहावी लागली असणार.

"ह्यांच्यात जे उतू चाललंय, तेच माझ्यात आटलंय," अक्का म्हणाल्या. "गोळीत जोर हाय. पारखलं. आणा ती बाटली."

तशा अवस्थेतही अण्णा उशीवरून मला म्हणाले, "बघितलाव का, बाई?"

अक्का बऱ्या व्हायला वेळ लागला. आधी वाकळ गेली, मग चेहऱ्याची सूज उतरली. एका सकाळी मी चहा घेत असताना भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. दूधवाल्यावर ओरडत होत्या, पाणी घातलं म्हणून, आणि अगदी पहिल्यासारखं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी कप हातात धरून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले, आणि मुलींना त्याचा माझ्यापेक्षा मोठा धक्का बसला.

अण्णाही सावरले. साहेबांना सांगून त्यांनी पहिली गाडी सोडली आणि उशिराची पाळी घेतली. त्यानंतर लवकरच मी भिंतीवरून काय पाहिलं? ओसरीवर दोघं समोरासमोर बसलेले. अण्णांनी मूठ तोंडाला लावली, मान मागे टाकली आणि वरून पाणी प्यायलं. मग अक्कांनी आपली गोळी घेतली.

मी हादरले. अक्का आत गेल्याबरोबर मी अण्णांना गाठलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? पुन्हा तेच?"

अण्णांनी मूठ उघडली. रिकामी होती.

"ती माझ्याआधी खात न्हाई, बाई. तिला म्हनलोय, डॉक्टरनं मला बी एक हलकी गोळी दिलीय, जोडीची. तुम्ही बोलू नका."

सगळ्या गावाला 'पारखून घ्या' म्हणणारा हा माणूस, आणि रोज उजाडताच बायकोच्या तोंडावर खोटं! अक्कांना मी काही सांगितलं नाही.

त्यातून दुसरं खोटं निघालं. एके दिवशी अण्णा अंगावरच्या धाबळीखाली काहीतरी लपवून मागच्या दाराने आमच्याकडे आले. जॅगरीची बरणी होती. आत एकही मासा काळा नव्हता. सगळे सोनेरी, आणि डोळे जागच्या जागी.

"बाई, हे बिनगोळीचेच सोन्याचे झाले!" अण्णांचा चेहरा उतरला होता. "म्हातारा म्हनला, वय झालं की आपोआप व्हतेतच. हे तिनं बघितलं तर? म्हनंल, गोळीबिगर बी व्हतंय. बंद करंल."

ती बरणी माझ्या फळीवर आली. मी फडकं झाकून ठेवलं. मासे मांजरानं खाल्ले, असं अक्कांना सांगण्यात आलं. अण्णा अधूनमधून मागच्या दाराने येऊन त्यांना कणीक घालत आणि 'कसं वाटायलंय?' विचारत. टॅमरिंडचे मासे फार जगले नाहीत. हे मात्र जगले.

पुढे काही वर्षांनी, अण्णा ड्यूटीवर असताना, अक्का विरजण मागायला आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी वाटी शोधायला वळले आणि परत वळून पाहते तो फडकं त्यांच्या हातात होतं. बरणीतले मासे उन्हात चमकत होते.

"हे गुळाच्या बरणीतले व्हय?" अक्का वाकून बघत म्हणाल्या. "मांजरानं खाल्लेले?"

मी घाईघाईने वाटीत विरजण घातलं. "अक्का, ते... म्हणजे गोळी तुम्ही सोडू नका हं..."

"कामून सोडीन? माझा गुण मी माझ्या अंगावर बघितलाय. माशाचं काय घिऊन बसलाव." त्या हसल्या. "मांजर आमच्या गल्लीत हाय कुठं, बाई?"

तोंडातून निघून गेलं, "मग त्यांची ती हलकी गोळी..." आणि मी जीभ चावली.

"मूठ रिकामी आसती," अक्का म्हणाल्या. "पहिल्याच दिशी पारखलं. खरी गोळी गिळताना त्यांचा कंठ कसा हालतो, ते मी लई दिवस बघितलं व्हतं की बाजेवरून. नुसत्या पान्याला तसा हालत न्हाई."

"आणि एवढी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

अक्कांनी मला जरा वेळ निरखून पाहिलं, वर्गात अगदी सोपं उत्तर चुकणाऱ्या मुलीकडे मी बघत असे, तसं.

"लगीन झाल्यापून उजाडायच्या आत जायचे, बाई. आता रोज सकाळी माझ्याम्होरं बसतेत. कळलंय म्हनून सांगितलं, तर उठून पहिल्या गाडीला जातील."

मग त्यांनी विरजणाची वाटी उचलली आणि दुसऱ्या हाताने बरणीवरचं फडकं चारी बाजूंनी नीट ओढून पुन्हा जसं होतं तसं झाकून ठेवलं.